कॉलेजकडून लांब पल्ला धावायचाय? पुण्यातल्या नवख्यांसाठी पहिल्या वर्षाची वाट

कॉलेजच्या मैदानावर लांब पल्ल्यासाठी नाव देणारे बहुतेकजण दोन वाटांनी आलेले असतात. काही शाळेच्या स्पर्धांत पंधराशे मीटर धावलेले असतात, तर काही पोलीस भरतीची तयारी करणारे. भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्यामुळे रोज घड्याळ लावून जीव तोडून तेवढंच अंतर काढायची सवय लागलेली असते. कॉलेजच्या स्पर्धेत पुढे वाढून ठेवलेलं असतं ५००० मीटर, १०,००० मीटर, ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याची उडी असलेली शर्यत), क्रॉसकंट्री (ट्रॅक सोडून माती-चढउतारांवरची शर्यत) आणि अर्धमॅरेथॉन. तिथे ही सवय आडवी येते. ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेला मुलगा नोव्हेंबरात नडगी धरून बसतो, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

म्हणून पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट वेळेवर ठेवू नका, खंड न पडण्यावर ठेवा. जुलै ते मार्च सलग धावणं जमलं, मधे आठवड्याहून मोठी सुट्टी घ्यावी लागली नाही, तर वेळ आपोआप सुधारते. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी जिमखाना

प्रवेश झाला की पहिल्या पंधरवड्यात जिमखान्यात जाऊन क्रीडा संचालकांना भेटा. निवड चाचणीची सूचना कधी कधी दोन दिवस आधी लागते आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर नसलेल्याला ती कळतच नाही. सोबत प्रवेशाची पावती, ओळखपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड यांच्या प्रती आणि पासपोर्ट आकाराचे सात-आठ फोटो ठेवा. पात्रता अर्ज भरताना नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, त्याच क्रमानं लिहा. आडनाव आधी की शेवटी एवढ्या फरकावरूनही पुढे कागद अडतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी पायऱ्या अशा: आधी आपल्या विभागातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा (पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर, नाशिक असे विभाग आहेत), मग आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ आणि शेवटी भारतीय विद्यापीठ संघाची, म्हणजे एआययूची, आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्या स्पर्धेला वयाची कमाल मर्यादा २५ वर्षं आहे. भारती विद्यापीठ, सिंबायोसिस यांसारख्या अभिमत विद्यापीठांचे संघ वेगळे असतात, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या क्रीडा विभागात विचारावं. तारखा दरवर्षी हलतात. क्रॉसकंट्री साधारण आधी आणि ट्रॅकच्या स्पर्धा नंतर, एवढं धरून चाला.

कोणती स्पर्धा आपली, हे पहिल्याच वर्षी ठरवायची घाई करू नका. बीडचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर आधी क्रॉसकंट्री धावला, स्टीपलचेसकडे नंतर वळला आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करण्यापर्यंत पोचला. साताऱ्याची ललिता बाबर मॅरेथॉनकडून स्टीपलचेसकडे आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली. पहिल्या वर्षी १५००, ५००० आणि क्रॉसकंट्री धावून बघा. स्टीपलचेसमध्ये अडथळे २८ वेळा आणि पाण्याची उडी ७ वेळा येते, आणि अडथळा हर्डलसारखा पडत नाही. कोचशिवाय त्यावर उड्या मारायला जाऊ नका.

कुठे धावायचं

पुण्याचं एक भाग्य असं की शहराच्या मधोमध टेकड्या आहेत. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी, यांवरच्या मातीच्या वाटा पायाला डांबरापेक्षा मऊ पडतात आणि चढामुळे पोटऱ्या, मांड्या आपोआप तयार होतात. सावकाश धावण्याचे दिवस शक्यतो इथे घालवा. टेकडीवर वेग बघू नका. चढावर दम लागला तर चाला, त्यात कमीपणा काही नाही. उतारावर मात्र जपा. लांब ढांगा टाकत टाचेवर आपटत उतरलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होतं. छोटी पावलं, किंचित पुढे झुकलेलं अंग, गुडघा थोडा वाकलेला. सिंहगड चढून जाणं उत्तम व्यायाम आहे, पण तो धावत उतरणं पहिल्या वर्षी पूर्ण टाळा.

वेगाच्या दिवशी मोजलेला ट्रॅक लागतो. सारसबागेजवळ सणस मैदान आणि म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल इथे ४०० मीटरचे सिंथेटिक ट्रॅक आहेत. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलं आणि २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा तिथेच झाली. दोन्हीकडे प्रवेशाच्या वेळा, पास आणि शुल्काचे नियम असतात, ते आधी विचारून घ्या आणि कॉलेजचं पत्र चालतं का तेही बघा. हडपसरला किंवा कात्रजला राहणाऱ्यानं आठवड्यातून तीनदा बालेवाडी गाठायचा हट्ट धरू नये, प्रवासातच झोप जाते. एक दिवस ट्रॅक पुरतो. बाकी कॉलेजचं मातीचं मैदान चालेल, पण ते एकदा टेपनं मोजून घ्या. अनेक मैदानांची फेरी ४०० भरत नाही आणि तिथले 'विक्रम' ट्रॅकवर गेल्यावर पुसले जातात.

रस्त्यावर धावायचं तर पहाटे साडेपाच ते सात. त्यानंतर शाळांच्या बस आणि दुचाकींच्या धुरात काही मिळत नाही. गाड्यांच्या समोरून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं धावा आणि अंधारात चमकणारी पट्टी किंवा फिका टीशर्ट घाला. दोन्ही कानांत इअरफोन नको. पहाटे कुत्र्यांची टोळी आडवी आली तर पळू नका, थांबा आणि चालत बाजूला व्हा. चावा किंवा साधा ओरखडा जरी बसला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. पहाटेच्या अंधारात आणि टेकडीवर मुलांनी-मुलींनी गटानंच जावं.

पहिले आठ आठवडे

घड्याळ घरी ठेवलं तरी चालेल असे हे आठवडे. पहिल्या आठवड्यात चार दिवस, प्रत्येकी २५ ते ३० मिनिटं. अगदीच नवीन असाल तर ३ मिनिटं धावा, १ मिनिट चाला. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. भरतीच्या सवयीतून आलेल्यांना हे फार जड जातं, कारण इतकं सावकाश धावल्यावर व्यायाम झाल्यासारखंच वाटत नाही.

व्यायाम होतो तो आतून. या वेगात हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं वाढतं, चरबी जाळून ऊर्जा काढायची क्षमता येते. ह्याला महिने लागतात. शिवाय हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायुबंध आणि हाडं त्यांच्या मागून येतात. दम टिकतोय म्हणून अंतर वाढवलं की हाड कुरकुरतं ते या फरकामुळे.

अंतर वाढवायची साधी पद्धत: दोन आठवडे तेवढंच ठेवा, मग ४-५ किलोमीटर वाढवा, आणि दर चौथ्या आठवड्याला एक चतुर्थांश कमी करा. सुरुवातीला आठवड्याला १८ किमी होत असतील तर सातव्या आठवड्यात पाच दिवसांत ३० ते ३३ किमी व्हावेत, आठवा पुन्हा हलका. पाचव्या आठवड्यापासून दोन दिवस धावून झाल्यावर ८० मीटरच्या सहा स्ट्राइड्स घाला. म्हणजे हळूहळू वेग वाढवत नेऊन सुमारे ९० टक्क्यांवर आणायचा, खांदे सैल ठेवायचे आणि परत चालत यायचं. ही शर्यत लावायची गोष्ट नाही.

आठव्या आठवड्याच्या शेवटी ट्रॅकवर ३ किलोमीटर, म्हणजे साडेसात फेऱ्या, पूर्ण ताकदीनं धावा. आलेल्या वेळेला १.७२ नं गुणलं की ५ किलोमीटरचा अंदाज मिळतो. ११ मिनिटं ४० सेकंद आले, तर ५००० मीटर साधारण २० मिनिटांत जमेल. पुढचे सगळे वेग याच आकड्यावरून काढायचे, स्वप्नातल्या वेळेवरून नाही.

नवव्या आठवड्यापासून

५ किमी २० मिनिटांत धावणाऱ्याचा आठवडा असा असू शकतो:

सोमवार: पूर्ण विश्रांती.

मंगळवार: ट्रॅक. अडीच किमी सावकाश, ड्रिल्स (गुडघे उचलत धावणं यांसारख्या धावण्याच्या कवायती), ४ स्ट्राइड्स. मग १००० मीटर पाच वेळा, प्रत्येक ३:५५ ते ४:०० मिनिटांत, मधे अडीच मिनिटं जॉगिंग. शेवटी दीड-दोन किमी सावकाश.

बुधवार: ४० मिनिटं सावकाश, नंतर २० मिनिटं ताकदीचे व्यायाम.

गुरुवार: ४५ मिनिटं सावकाश, टेकडी मिळाली तर उत्तम. शेवटी ६ स्ट्राइड्स.

शुक्रवार: टेम्पो. २ किमी वॉर्म-अप, २० मिनिटं किलोमीटरला ४:१५ ते ४:२० च्या वेगानं, २ किमी सावकाश.

शनिवार: ३० मिनिटं अगदी हलकं, पाय जड असतील तर सुट्टी. ताकदीचे व्यायाम पुन्हा.

रविवार: लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब सावकाश धावणं, १२ ते १३ किमी.

बेरीज साधारण ५० ते ५५ किमी होते. तीस-तेहतीसवरून थेट इथे उडी मारू नका. आधी हजाराचे तीनच, टेम्पो बारा मिनिटांचा, लाँग रन नऊ किमीचा, आणि पाच-सहा आठवड्यांत इथवर या.

सावकाश म्हणजे या धावपटूसाठी किलोमीटरला ५:१५ ते ५:४५. पाच किमीला २५ मिनिटं लागणाऱ्यासाठी सावकाश वेग ६:१५ ते ६:५०, टेम्पो ५:१५ च्या आसपास आणि हजाराचे तुकडे ४:५५ ते ५:०० चे. गटात धावताना गोंधळ होतो तो इथेच. कॉलेजच्या गटात एक-दोन जण विद्यापीठाच्या संघातले असतात, त्यांच्या सावकाश वेगाला नवखा चिकटतो आणि त्याचा तो टेम्पो होऊन बसतो. मग मंगळवारी पाय मरगळलेले, हजार ४:१० ला, आणि आपण कमी पडतोय असं वाटून तो बुधवारी आणखी जोर लावतो. सीनियरना स्पष्ट सांगा की सावकाश दिवसाला मी मागे राहणार. चांगले सीनियर हे समजून घेतात.

टेम्पो 'सुखद अवघड' असतो. एखादं छोटं वाक्य बोलता यावं, गप्पा मारता येऊ नयेत. शेवटी आणखी पाच मिनिटं त्याच वेगानं जमली असती असं वाटलं तर बरोबर जमलं. इंटरव्हलमध्ये, म्हणजे मंगळवारच्या हजाराच्या तुकड्यांत, पहिला आणि शेवटचा हजार यांत तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. पहिला ३:४५ आणि पाचवा ४:१२ आला, तर सरासरी बरोबर दिसते, पण हवा तो व्यायाम झालेला नसतो.

एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात हे आकडे लागू पडत नाहीत. तेव्हा श्वासावर आणि जाणिवेवर धावा, किलोमीटरला दहा-वीस सेकंद जास्त लागू द्या. उन्हाळ्यात संध्याकाळी सहालाही डांबर तापलेलं असतं, पहाटच बरी.

ताकदीच्या व्यायामांना जिम लागत नाही. पायरीवर एका पायानं टाच उचलणं १५ चे तीन सेट, हेच गुडघा वाकवून पुन्हा तीन सेट (पोटरीचा खालचा स्नायू त्यानं तयार होतो), लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली बसणं) प्रत्येक पायाला १०, एका पायाचा ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं) १२, प्लँक (कोपरांवर अंग सरळ धरणं) ४५ सेकंद तीनदा. आठवड्यातून दोनदा. पहिल्या काही महिन्यांत यातला सर्वांत उपयोगाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा व्यायाम टाच उचलण्याचा.

ट्रॅकची रीत आणि बूट

आतली पहिली लेन वेगात धावणाऱ्यांची. वॉर्म-अप, जॉगिंग, चालणं बाहेरच्या लेनमध्ये. मागून 'ट्रॅक' अशी हाक आली की वळून न बघता उजवीकडे सरका. इंटरव्हल संपल्यावर रेषेवरच गुडघ्यावर हात ठेवून उभं राहू नका, मागून येणारा अंगावर आदळतो. बाहेरच्या लेनमध्ये अंतर वाढतं हे लक्षात ठेवा. पहिलीत ४००, दुसरीत साधारण ४०७, तिसरीत ४१५, चौथीत ४२२ मीटर. मनगटावरच्या घड्याळाचं जीपीएस वळणांवर चुकतं, ट्रॅकवर फेऱ्याच मोजा.

बुटांवर पहिल्या वर्षी एकदाच नीट खर्च करा, तोही रोजच्या धावण्याच्या बुटांवर. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, धावायचे मोजे घालून माप घ्या. अंगठ्यापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. ६०० ते ८०० किमीनंतर वरून बूट नवा दिसला तरी आतला फोम बसलेला असतो. वहीत तारीख लिहून ठेवा. कॉलेजला तेच, ट्रेकला तेच असं करू नका. पावसाळ्यात परवडलं तर दुसरा जोड ठेवा. भिजलेले बूट आतली पट्टी काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात ठेवले तर गोंद सुटतो. ओल्या मोज्यांत दिवस काढला की बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते, म्हणून पिशवीत कोरडे मोजे आणि चपला असू द्या.

स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, दुसऱ्या टप्प्यात घ्या. सिंथेटिक ट्रॅकला ६ ते ७ मिलिमीटरचे खिळे पुरतात, ९ च्या पुढे चालत नाहीत. पहिल्यांदा घालून थेट ५००० धावलं तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आखडतात. तीन-चार आठवडे आधी स्ट्राइड्स, मग ४०० चे तुकडे, मग शर्यत. आणखी एक: रस्त्यावरच्या शर्यतींसाठी निघालेले जाड सोलचे कार्बन प्लेटचे बूट ट्रॅकवर चालत नाहीत. वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमानुसार नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवर सोलची जाडी २० मिलिमीटरपर्यंतच हवी.

मेसचं जेवण

हॉस्टेलवर किंवा पेठांत खोली घेऊन राहणाऱ्यांचा कमकुवत दुवा हा आहे. नवखे धावपटू जास्त खाऊन मागे पडत नाहीत, कमी खाऊन पडतात. ५५ किलो वजनाच्या धावपटूला दिवसाला साधारण ८० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. मेसच्या एका पूर्ण जेवणात, म्हणजे चार पोळ्या, वाटीभर आमटी, वाटीभर उसळ आणि भात, पंचवीसेक ग्रॅम मिळतात. दोन वेळचे पन्नास. उरलेले असे भरून काढा: अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, मूठभर शेंगदाणे ७. अंडी न खाणाऱ्यांनी २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (वजन कोरडं) घ्याव्यात, तेवढ्यात १२-१३ ग्रॅम मिळतात. मटकी, चवळी, हरभऱ्याची उसळ मेसमध्ये असेल त्या दिवशी दुसरी वाटी मागून घ्या. प्रोटीन पावडरचा डबा लागतच नाही.

पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. आणि लाँग रन रविवारी. म्हणजे आठवड्यात सर्वांत जास्त भूक असलेल्या दिवशी रात्रीचं जेवण वडापाववर उरकलं जातं, आणि सोमवार-मंगळवार पाय का उठत नाहीत याचं कोडं पडतं. एकतर लाँग रन शनिवारी करा, नाहीतर शनिवारीच दूध, दही, केळी, उकडायला अंडी, दाणे, गूळ, भाजके चणे आणून ठेवा आणि संध्याकाळी एखाद्या खानावळीत पोटभर थाळी घ्या.

पहाटे निघताना एक केळं किंवा दोन-चार खजूर आणि पाणी. तासाच्या आतल्या सावकाश धावण्याला रिकाम्या पोटीही चालतं, वेगाच्या दिवशी नाही. परतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे. पोहे किंवा उपमा चालेल, पण सोबत दूध किंवा अंडी हवीत. सकाळी आठच्या तासाला नाश्ता न करता बसणं ही फार जुनी आणि फार महागात पडणारी चूक आहे.

लोहाकडे लक्ष द्या, मुलींनी विशेष. विनाकारण दम लागणं, नेहमीचा वेग जड वाटणं, जिना चढताना छाती धडधडणं ही लक्षणं दिसली तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) दोन्ही तपासा. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन ३० च्या खाली गेलेलं असू शकतं. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, जास्तीचं लोह अपाय करतं. जेवणात बाजरीची भाकरी, हळीव, पालेभाज्या, खात असाल तर कलेजी, आणि वर लिंबू पिळायचं, कारण क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, त्यातल्या टॅनिनमुळे शोषण कमी होतं.

मुलींची पाळी सलग तीन महिने आली नाही, तर ती 'जास्त सरावाची खूण' म्हणून सोडून देऊ नका. शरीराला खर्चाच्या मानानं अन्न कमी पडतंय असा त्याचा अर्थ असू शकतो आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांकडे जा. वजन कमी कर म्हणजे वेग येईल असं कुणी सांगितलं, अगदी कोचनं सांगितलं तरी, तो सल्ला या वयात बाजूला ठेवा.

दुखणं ओळखणं

स्नायू जड होणं, दुसऱ्या दिवशी मांड्या दुखणं, हे चालतं. वॉर्म-अपनंतर जातं आणि दोन्ही पायांत सारखं असतं. काळजीचं दुखणं एका बाजूला असतं, धावताना वाढत जातं आणि धावण्याची ढब बदलायला लावतं. ढब बदलली की तिथेच थांबा आणि चालत परत या.

नवख्यांना सर्वांत जास्त छळते नडगी. आतल्या कडेनं हाताच्या पंजाएवढ्या लांबीत दुखत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाला ताण आहे. अंतर निम्मं करा, डांबर सोडून मातीवर या, वेगाचे दिवस दोन आठवडे बंद, टाच उचलण्याचे व्यायाम चालू. पण एका बोटानं दाखवता येईल अशी नेमकी जागा दुखत असेल, त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता आहे. धावणं पूर्ण बंद आणि हाडांचे डॉक्टर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये हा तडा बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे साफ आला तरी दुखणं तसंच असेल तर एमआरआयबद्दल विचारा. यात सहा ते आठ आठवडे जातात. दुखणं दाबून शर्यत मारली तर अख्खं वर्ष जातं.

टाचेच्या मागची शीर सकाळी ताठरली असेल तर पायरीवरचे टाचेचे व्यायाम सावकाश, तीन सेकंदांत खाली येत करा, आणि चढ व स्पाइक्स काही दिवस सोडा. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करू नका. कळ दबते, इजा तशीच राहते, आणि उन्हात पाणी कमी पडलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

औषधांबद्दल आणखी थोडं. आंतरविद्यापीठ स्पर्धेत उत्तेजक द्रव्य चाचणी होऊ शकते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, खोकल्या-दम्यावर किंवा अंगदुखीवर कधी प्रेडनिसोलोन दिलं जातं. स्पर्धेच्या काळात ही दोन्ही अडचणीत आणतात. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी खेळाडू आहे, आणि चिठ्ठी जपून ठेवा. मैदानावर कुणी दिलेली बिनलेबलची पावडर, 'ताकदीचं' इंजेक्शन किंवा सलाइन यांना हात लावू नका. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी नियमानं धावपटूचीच असते.

अभ्यास, झोप, परीक्षा

पाचला उठायचं तर साडेनऊला अंथरुणात. हॉस्टेलवर हे अवघड आहे हे खरंच, पण आठ तास झोपेला पर्याय नाही. रात्री एकपर्यंत जर्नल लिहिली असेल तर सकाळचा इंटरव्हल रद्द करून संध्याकाळी ३० मिनिटं सावकाश धावा. हजेरी ७५ टक्के लागते, म्हणून स्पर्धेसाठी बाहेर जाण्याआधी क्रीडा संचालकांच्या सहीचं पत्र प्रत्येक विभागात द्या, परत आल्यावर नाही. सेमिस्टरच्या परीक्षेचे दोन-तीन आठवडे आठवड्याला चार दिवस, अर्धा-पाऊण तास सावकाश आणि थोड्या स्ट्राइड्स एवढंच ठेवा. इतक्यानं कमावलेलं टिकतं. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी राहिलेलं भरून काढायला जाऊ नका, चुकलेला सराव भरून निघत नसतो.

हिवाळ्यात दर रविवारी शहरात कुठली ना कुठली दहा किलोमीटरची शर्यत असते. महिन्यातून एक पुरे. बक्षिसाच्या रकमेसाठी दर रविवारी धावणारे डिसेंबरपर्यंत थकलेले असतात.

शर्यतीचा दिवस

शेवटच्या दहा दिवसांत अंतर तिसऱ्या हिश्शानं कमी करा, वेगाचं थोडं राहू द्या. आदल्या दिवशी २० मिनिटं हलकं आणि ४ स्ट्राइड्स. जेवण नेहमीचंच, नवीन काही नको. शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा ब्रेड-केळं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत वेळापत्रक तासन् तास पुढे सरकतं, म्हणून दोन केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा. सेफ्टी पिना, स्पाइक्सची किल्ली आणि जास्तीचे खिळे घ्या. नंबर पुढे-मागे दोन्हीकडे लागतो. वॉर्म-अप हाकेच्या ४० मिनिटं आधी सुरू करा आणि ध्वनिक्षेपकाकडे कान ठेवा. हाकेला हजर नसाल तर नाव कापलं जातं.

५००० मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. २० मिनिटांसाठी प्रत्येक फेरी ९६ सेकंदांची. पहिले २०० मीटर सगळे वेड्यासारखे सुटतात, तिथे मागे राहायची तयारी ठेवा. पहिली फेरी ९० ला मारली तर ते सहा सेकंद आठव्या-नवव्या फेरीत दुपटीनं परत द्यावे लागतात. तिसरा ते चौथा किलोमीटर सर्वांत कठीण. तिथे घड्याळ सोडा आणि पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवा. ओलांडायचं ते सरळ भागात, वळणावर नाही, वळणावर बाहेरून जादा मीटर पडतात. आतल्या कडेवर पाय पडू देऊ नका, बाद होऊ शकता.

क्रॉसकंट्रीत फेऱ्यांचं गणित उपयोगाचं नाही. आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर पूर्ण मार्ग चालून बघा: अरुंद जागा कुठे आहे, चिखल कुठे, शेवटचा चढ किती. सुरुवातीनंतर मार्ग लगेच अरुंद होत असेल, तर पहिले दोन-तीनशे मीटर थोडे जोरात जावं लागतं, नाहीतर गर्दीत अडकून पडाल. चढावर श्वास तोच ठेवा, वेग जाऊ द्या, आणि माथ्यावर पोचल्यावर तीस-चाळीस पावलं जोर लावा, कारण तिथे बाकीचे सैलावतात. संघाचा निकाल धावपटूंच्या क्रमांकांच्या बेरजेवर लागतो आणि कमी बेरीज जिंकते. त्यामुळे तुम्ही पन्नासाव्या क्रमांकावर असलात, तरी शेवटच्या शंभर मीटरमध्ये मागे टाकलेला एकेक जण संघासाठी मोलाचा असतो.

शर्यत संपली की दहा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला, खा, आणि निकालपत्रकाचा फोटो काढा. प्रमाणपत्र हातात येताच नाव, कॉलेज, स्पर्धेची पातळी, तारीख आणि क्रमांक तिथेच तपासा. चूक असेल तर त्याच टेबलावर दुरुस्त करून घ्या, नंतर महिने लागतात. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. कोणत्या पातळीची स्पर्धा त्यात धरली जाते हे शासन निर्णयात वाचून घ्या, मूळ प्रत लॅमिनेट करू नका आणि स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.